थंडीतला तंबू: तोरणमाळ की केदारकंठा?

जानेवारीत एक रात्र तंबूत काढायची, तर आपल्या खान्देशातून दोन वाटा आहेत. घराजवळचं तोरणमाळ, नाहीतर भुसावळहून दिल्लीची गाडी धरून डेहराडून, पायथ्याचं गाव सांकरी आणि मग उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर.

तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर. यशवंत तलावाकाठी पहाटे हुडहुडी भरते, सातपुड्यात दाब गावाकडे तर कधीकधी दव गोठतं. तरी चांगली चादर, दोन स्वेटर आणि गरम कळण्याची भाकरी एवढ्यावर भागतं. बिघडलं काही, तर शहादा गाठता येतं.

केदारकंठ्याचा माथा सुमारे ३८०० मीटर. दर हजार मीटरला पारा साडेसहा अंशांनी उतरतो, हे तिथे अंगावर कळतं. बर्फावर झोपताना खरी थंडी खालून चढते, म्हणून जाड पांघरुणाआधी चांगली मॅट घ्या. स्टोव्हचा साधा ब्युटेन शून्याच्या आसपास पेटतच नाही. प्रोपेन मिसळलेला डबा हवा. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं. मोबाईल झोपायच्या पिशवीत घ्या. आणि कितीही गारठलात तरी बंद तंबूत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तोरणमाळच सांगेन. तिथे दोन रात्री निभावल्या की मगच सांकरीचं तिकीट काढा, तेही स्थानिक वाटाड्या ठरवून.