नाताळच्या मोज्यात काय घालावे: तालुक्याच्या एका जनरल स्टोअर्सचा अनुभव

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातील आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत तेरा ते सतरा वर्षांची नऊ मुले आहेत आणि गेली तीन वर्षे नाताळच्या आदल्या रात्री त्यांच्यासाठी भेटवस्तूंचे मोजे भरण्याचे काम माझ्याकडे आहे. लहान मुलांचे सोपे असते. रंगीत खडू आणि चार गोळ्या मिळाल्या की ती खूश होतात. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाला मात्र पोरकट वाटणार नाही, मित्रांसमोर खिशातून काढायला लाज वाटणार नाही आणि तरीही सणाची गंमत राहील, अशी मुठीएवढी वस्तू शोधावी लागते. माझी कसोटी साधी आहे: २५ डिसेंबरला दिलेली वस्तू संक्रांतीलाही त्या मुलाच्या हातात दिसली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी मी या कसोटीवर सपशेल नापास झाले. तेव्हा घरबसल्या मोबाइलवरून नऊ इयरफोन मागवले. त्यांतील दोन एकाच कानाने ऐकू येणारे निघाले, आणि परत करायला गेले तर आमच्या पिनकोडवरून माल परत नेण्याची सोय नसल्याचे उत्तर मिळाले. उरलेल्यांपैकी तिघांच्या फोनला ती गोल पिन बसलीच नाही, कारण नव्या फोनला तसे छिद्रच नव्हते. तेव्हापासून वस्तू हातात घेऊन, उघडून, वापरून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही असे ठरवले. नागपूरला सीताबर्डीत जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो, म्हणून गेल्या डिसेंबरात तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ असलेल्या एका जुन्या जनरल स्टोअर्सची पायरी चढले. हा अभिप्राय मुख्यतः त्या खरेदीचा आहे.

दुकान अरुंद आहे, आतल्या बाजूला दिवसासुद्धा अंधार असतो, आणि नाताळचा म्हणावा असा माल तेथे जवळजवळ नाही. लाल फेल्टचे शोभेचे मोजे होते. पण त्यांची शिवण बोट घातल्याबरोबर उसवत होती आणि पंचवीस तारखेनंतर त्यांचा उपयोग शून्य. दुकानदार काकांनी स्वतःच ते बाजूला सारले आणि म्हणाले, “मॅडम, पोट्ट्यायले शोभेची वस्तू कायले देता? कामाची द्या.” त्यांनी फुटबॉल खेळताना घालतात ते गुडघ्यापर्यंतचे लांब मोजे काढले, ऐंशी रुपये जोडी. एका मोज्यात भेटी भराव्यात आणि दुसरा गुंडाळी करून त्याच्याच तोंडाशी कोंबावा, म्हणजे पिशवीही भेट ठरते आणि वरून काही सांडतही नाही. या युक्तीचे श्रेय पूर्णपणे त्यांचे आहे.

खरी खरेदी होती ती डोक्याला बांधायच्या बॅटरीची. आमच्याकडे कृषिपंपाची वीज पाळीने काही दिवस रात्रीच येते. डिसेंबर-जानेवारीत गव्हाला, हरभऱ्याला ओलीत करायला बाप निघाला की आठवी-नववीतला मुलगाही बरोबर जातो. हातात बॅटरी धरली तर फावडे एका हाताने मारावे लागते, आणि दांड, म्हणजे पाण्याचा पाट, फोडायला वाकले की उजेड भलतीकडेच जातो. काकांनी तीन प्रकारच्या बॅटऱ्या काउंटरवर ठेवल्या. पहिलीत सेलची डबी डोक्याच्या मागे होती, त्यामुळे वजन सारखे वाटले जात होते. पण तिची वायर कानाजवळून जात असल्याने संत्र्याच्या झाडाखालून वाकून जाताना काट्याफांद्यांत अडकणार हे उघड होते. दुसरी बारीक पेन्सिल सेलवर चालणारी होती, म्हणजे दर पंधरवड्याला नवा खर्च. तिसरी एकजीव, हलकी आणि चार्ज होणारी होती. दीडशे रुपयांची ती आम्ही निवडली.

निवडण्यापूर्वी मात्र आम्ही प्रत्येक नग तपासला. या स्वस्त बॅटऱ्यांचा जीव दिव्यात नसून बिजागरीत असतो. दिवा खाली झुकवताना प्लॅस्टिकचे बारीक दात टक्-टक् करत एकेक घर पुढे सरकले पाहिजेत. ते नुसतेच घसरत असतील तर चार दिवसांत उजेड पायाखाली पडण्याऐवजी छातीवर पडू लागतो. नऊपैकी दोन नगांचे दात असे घसरले आणि काकांनी कुरकुर न करता ते बदलून दिले. खोक्यावर छापलेल्या उजेडाच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. आम्ही दुकानाच्या अंधाऱ्या टोकाला जाऊन मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येते का, एवढेच पाहिले. दुकानातल्या अंधाराचा असाही उपयोग झाला. एक गोष्ट घरी आल्यावर कळली: बॅटरीचे छिद्र नव्या फोनसारखे असले तरी दोन्ही तोंडे सारखी असलेल्या नव्या वायरीवर ती चार्ज होत नाही, चार्जरकडचे तोंड जुने चपटे असलेली वायरच लागते. हे दुकानात सांगायला हवे होते.

बाकीच्या वस्तूंचे थोडक्यात सांगते. दोन जेल पेन वीस रुपयांना, किल्ल्या अडकवायची कडी तीसला, आणि दहाचे एक चॉकलेट. चॉकलेटबद्दल एवढेच की विदर्भात ते खिशात न वितळता घरी पोचते असे महिने मोजकेच, त्यामुळे ही संधी दवडू नये. मोजा एकूण २९० रुपयांना पडला. नऊ मोज्यांचे २,६१० झाले, काकांनी २,५०० घेतले. पक्के बिल मागितले तर कागदाच्या चिटोऱ्यावर आकडे लिहून मिळाले, हे मला आवडले नाही, कारण मंडळीच्या हिशेबाला तेच जोडावे लागले.

रंगीत घन मात्र घेतला नाही. एर्नो रुबिक यांनी १९७४ साली तयार केलेले हे कोडे आमच्या दोन मुलांना फार आवडते. पण दुकानातला घन इतका घट्ट होता की एक थर फिरवायला दोन्ही अंगठे लावावे लागत. मुलांना हवी असलेली पतंगाची चक्री मोज्यात मावत नाही, आणि मावली असती तरी नायलॉन मांजा मी दिला नसता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच त्यावर बंदी घातली आहे.

मोज्याच्या टोकाला संत्रे घालायची रीत परदेशातली आहे. मायरा गावचा बिशप निकोलस याने एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी रात्री गुपचूप सोने टाकले आणि ते वाळत घातलेल्या मोज्यात पडले, अशी दंतकथा आहे. संत्रे म्हणजे त्या सोन्याची खूण. आंबिया बहाराची फळे याच दिवसांत हाती असल्याने मीही प्रत्येक मोज्यात एकेक संत्रे घातले. त्यावर पंधरा वर्षांच्या एका मुलाने सर्वांसमोर विचारले, “बाई, संत्रं कायले टाकलं? घरी तं सडून राह्यले.” त्या वर्षी भाव पडले होते, त्यामुळे हसू आले तरी पुढे काय बोलावे हे सुचले नाही. यंदा त्या जागी संत्रा बर्फीचा तुकडा घालण्याचा विचार आहे.

संक्रांतीच्या सुमारास पाहिले तेव्हा नऊपैकी सात बॅटऱ्या वापरात होत्या. एक धाकट्या भावाने पाण्यात बुडवली होती आणि एक मुलाच्या वडिलांनीच स्वतःकडे ठेवून घेतली होती. मोजे मात्र तेराच्या दोघांना सैल झाले, कारण दुकानात एकच माप होते. यंदा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच काकांना मापे लिहून देणार आहे आणि पक्के बिल देण्याचेही तेव्हाच कबूल करून घेणार आहे.