मुलींची सांघिक बॅडमिंटन स्पर्धा: नियमपत्रकाला साडेचार, शटलला दोन

मी गणित शिकवते. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या हायस्कुलातले पीईचे सर यंदा बदलून गेले, नवे काही आले नाहीत. हेडमास्तरांनी स्टाफरूमभर नजर फिरवली तेव्हा मी मान खाली घालून वह्या तपासत बसले होते, तिथेच फसले. अशी मी १४ वर्षांखालील मुलींच्या बॅडमिंटन संघाची मॅनेजर झाले. तेव्हा हा अभिप्राय कुणा जाणकार खेळाडूचा समजू नका. प्रवेश फी भरून, चार मुली घेऊन गेलेल्या एका बाईचा आहे.

स्पर्धा आंतरशालेय, आयोजक खासगी, जागा बार्देशातला एक इनडोअर हॉल. खाली तक्रारीही आहेत, म्हणून नावं घेत नाही. एका संघाला ६०० रुपये. त्यात शटल, पंच, दुपारचं जेवण आणि आठवडाभर आधी व्हॉट्सअॅपवर आलेलं दीड पानांचं नियमपत्रक. या सगळ्यात सर्वांत भारी काय होतं, तर ते पत्रक. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला हवं होतं, ते पुढे कळेलच.

स्वरूप असं: एका लढतीत तीन सामने, आधी एकेरी, मग दुहेरी, मग पुन्हा एकेरी. ज्याचे दोन, त्याची लढत. उबर चषकात, म्हणजे बायकांच्या जागतिक सांघिक स्पर्धेत, तीन एकेरी आणि दोन दुहेरी असे पाच सामने असतात, त्याचीच ही धाकटी बहीण. एका मुलीने एका लढतीत एकच सामना खेळायचा. म्हणजे कमीत कमी चार मुली हव्यातच. एक हुशार मुलगी एकेरीही खेळते, दुहेरीही मारते आणि बाकीच्या टॉवेल धरून उभ्या राहतात, हा प्रकार इथे चालत नाही. नियम मला आवडला. पण ज्या शाळेत रॅकेट धरणाऱ्या मुलीच साडेतीन, तिथे तो जड जातो. आमची चौथी आदल्या रात्री तापाने फणफणली. पाचवी म्हणून नाव लिहिलेली मुलगी मुळात खो-खोतली. रॅकेट हातात घेऊन तिला जेमतेम दोन आठवडे झाले होते. तीच दुसरी एकेरी खेळली. तिला इथे खो-खोवालीच म्हणते.

बूट. पत्रकात ठळक अक्षरांत होतं, ‘नॉन-मार्किंग बूट नसल्यास कोर्टवर प्रवेश नाही’. दारात एक काका बसले होते, ते प्रत्येकीचा तळवा फरशीवर घासून बघत. काळा ओरखडा उठला की बाजूला. नियम बरोबरच आहे, लाकडी कोर्ट एकदा खराब झालं की दुरुस्तीचं बिल कोण भरणार? पण आमच्याकडे असे बूट तीनच जोड. आता एकेरी, दुहेरी, एकेरी हा क्रम आणि एका लढतीचे तिन्ही सामने एकाच कोर्टवर, एकामागून एक. म्हणजे पहिलीचा सामना संपला की तिचे बूट मोकळे. पाच मिनिटांत गणित जमलं: दोन जोड दुहेरीला, एक जोड दोन्ही एकेरींना. पहिलीचा पाय सहा नंबरचा, खो-खोवालीचा चार. दोन जोडी मोजे चढवून, पुढच्या टोकात कापूस कोंबून तिने ते घातले आणि जागच्या जागी चार उड्या मारून बघितल्या. ‘टीचर, जमतां,’ म्हणाली. आयोजकांना एकच सुचवते, टेबलामागे चार-पाच जोड जादा ठेवा, हवं तर भाडं घ्या. सगळ्याच मुली पणजीच्या नसतात.

पोशाखाचा नियम मात्र शहाणपणाचा. एका संघाच्या टी-शर्टचा रंग एक, खाली स्कर्ट, शॉर्ट्स, लेगिंग्ज किंवा ट्रॅक पँट, काहीही. २०११ साली जागतिक बॅडमिंटन महासंघाने मोठ्या स्पर्धांत बायकांनी स्कर्टच घालावा असा नियम काढला होता. एवढी ओरड झाली की पुढच्या वर्षी तो गुंडाळावा लागला. इथे पत्रक लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं की नुसतीच अक्कल होती, कोण जाणे. माझ्या दोन मुली लेगिंग्जशिवाय खेळल्या नसत्या. त्यांच्या आयांनी मला तसं आधीच सांगून ठेवलं होतं.

सर्व्हिसचंही तसंच. आंतरराष्ट्रीय नियमात आता सर्व्हिस मारताना पूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावं लागतं. साडेचार फुटी मुलीला हे माप खांद्यापाशी येतं, म्हणजे तिला काही बंधनच उरत नाही. शिवाय ते मोजायला काठी लागते. पत्रकाने जुना नियम ठेवला होता, शटल कमरेच्या खाली. पंचाला डोळ्यांनी दिसतं, मुलीलाही कळतं.

आणि चिठ्ठ्यांचा डबा! हा प्रकार मला फार आवडला. कोण कोणत्या क्रमाने खेळणार ते दोन्ही मॅनेजरनी चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि पंचाने दोन्ही चिठ्ठ्या एकदमच उघडायच्या. शाळेच्या पोरींना काही जागतिक क्रमवारी नसते, त्यामुळे कुणाला पहिली ठेवायची आणि कुणाला तिसरी, ही सगळी डोकॅलिटी. समोरच्या एका सरांनी त्यांची सर्वांत कच्ची मुलगी आमच्या पहिलीपुढे बळी दिली आणि पक्की मुलगी शेवटी काढली. बसल्या बसल्या मला ते सुचलंच नव्हतं.

आता मूळ दुखणं. पत्रकातला नऊ क्रमांकाचा नियम: ‘लढतीचा निकाल लागला तरी तिन्ही सामने खेळवले जातील.’ दहावा: ‘गटात तीन संघ समान राहिल्यास आधी सामन्यांतील फरक, मग गुणांतील फरक.’ गटातले सामने २१ गुणांच्या एकाच गेमचे होते, त्यामुळे गेमचा फरक वेगळा मोजायचा नव्हता. गटातून एकच संघ पुढे.

पहिली लढत मडगावकडच्या एका शाळेशी. पहिली एकेरी २१-९, दुहेरी २१-१४. जिंकलो! खो-खोवाली उतरली, दोन नंबर मोठ्या बुटांत. आणि बघता बघता ११-९ ने पुढे. अकरा गुणांना ६० सेकंदांची विश्रांती असते, तेव्हा मॅनेजरला जवळ जाता येतं. मी पाण्याची बाटली घेऊन गेले. बॅकहँडबद्दल मी काय बोलणार? मी म्हटलं, ‘अगो, आपण जिंकलोय. आता मजा कर.’

तिने केली. पायांमधून शटल मारून बघितलं, एकदा उडी घेऊन नेटच मारलं, मैत्रिणींकडे बघून हसली. ११ चे कसेबसे १३ झाले, पलीकडचे ९ चे २१.

दुसरी लढत पणजीकडच्या शाळेशी. पहिली एकेरी २१-१५ आमची, दुहेरी १८-२१ त्यांची. तिसऱ्या सामन्यात त्या सरांनी राखून ठेवलेली पक्की मुलगी, खो-खोवाली ८-२१. मग पणजीवाल्यांना मडगाववाल्यांनी २-१ ने हरवलं: २१-१३, १७-२१, २१-१८. तिघांची एकेक लढत, सामने तिघांचेही तीन जिंकलेले, तीन हरलेले. आयोजकांच्या टेबलावर कॅल्क्युलेटर निघायच्या आत मी पासबुकाच्या पाठीवर बेरीज संपवली होती. पणजी अधिक ३. आम्ही अधिक १. मडगाव उणे ४.

मडगावविरुद्धच्या त्या ‘मजेच्या’ सामन्यात तिने १३ ऐवजी १६ केले असते तर आम्ही अधिक ४ वर, आणि पुढे. तीन गुण. दोन मिळून बरोबरी झाली असती, पण आपसातली लढत पणजीने जिंकलेली, म्हणजे तेच गेले असते. आणि मी, वर्गात रोज ‘प्रश्न नीट वाचा, मग सोडवा’ म्हणणारी, नऊ आणि दहा हे नियम एकत्र वाचले नाहीत. पत्रकाची चूक शून्य. उलट असा नियम असावाच, नाहीतर तिसरीला कोर्टवर पाय ठेवायलाच मिळत नाही.

मुलींना जाताना गाडीत मी मोठ्या ऐटीत २०२४ च्या आशियाई सांघिक स्पर्धेची गोष्ट सांगितली होती. मलेशियातल्या शाह आलमला अंतिम लढत थायलंडशी २-२ अशी अडलेली आणि १७ वर्षांच्या अनमोल खरबने शेवटची एकेरी काढून भारताच्या मुलींना पहिल्यांदा सुवर्ण मिळवून दिलं. आमच्या पोरींना त्या संघातली गोव्याची म्हणून तनिशा क्रास्टो तेवढी माहीत होती. शेवटच्या एकेरीचं महत्त्व सांगणारी मीच आणि दोन तासांनी ‘मजा कर’ म्हणणारीही मीच.

शटलबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. पत्रकात नुसतं ‘नायलॉन शटल आयोजक पुरवतील’. नायलॉन शटलच्या बुचावर रंगीत पट्टी असते: हिरवी म्हणजे मंद, निळी मध्यम, लाल वेगवान. हवा जितकी गरम तितकी ती विरळ, आणि शटल तितकं पुढे पळतं, म्हणून आमच्याकडे शाळेत हिरव्या पट्टीवर सराव. इथे निळी निघाली. हॉलचे पंखे वाऱ्यामुळे बंद, पत्र्याचं छप्पर, अकरा वाजता मुलींचे टी-शर्ट पाठीला चिकटलेले, आणि आमच्या दुहेरीच्या जोडीचा प्रत्येक उंच फटका मागच्या रेषेबाहेर वीतभर. जोर कमी करा म्हटलं तर नेटजवळ पडून समोरची धाडकन मारायची. १८-२१ गेलेली ती दुहेरी मी अजून विसरलेले नाही. वेग तपासायची रीत नियमांच्या पुस्तकात आहे: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण जोराने मारलेलं शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं पाहिजे. दोन मिनिटांचं काम. कुणी केलं नाही. एका शटलची जाळी फाटून ते हवेत डुलत जाऊ लागलं तेव्हा आमच्या मुलीने बदलून मागितलं. पंच म्हणून बसवलेला कॉलेजचा मुलगा म्हणाला, ‘चालतं गो, खेळ.’ बदलायचं की नाही हे पंचानेच ठरवायचं असतं, मान्य. पण बघून तरी ठरव रे बाबा!

वेळेचं एक. हजेरी साडेआठला, नाव पुकारल्यावर १५ मिनिटांत संघ आला नाही तर लढत गेली. कडक असावं, हरकत नाही. पण दिवस कुठला, तर शुक्रवार. म्हापशाचा बाजार! आम्ही वाळपईहून सहाला निघालो. साखळी, डिचोली, अस्नोडा सुरळीत आणि म्हापशात शिरताच केळी, मिरच्यांची पोती आणि मधोमध आमची गाडी. मुली शेवटचं अंतर बॅगा घेऊन चालत गेल्या. आठ बत्तीसला सही केली.

जेवण व्हेज पुलाव, गार, पण भरपूर. मुलींनी परतीच्या वाटेवर डिचोलीला पातळभाजी-पाव मागितला, तो आयोजकांच्या खात्यात धरत नाही. बायकांचं टॉयलेट स्वच्छ आणि आतून कडी लागणारं, याचे वेगळे गुण द्यायला हवेत. शाळेच्या मुली घेऊन फिरणाऱ्यांना कळेल का ते.

पाचपैकी नियमपत्रकाला साडेचार, पंचांना तीन, शटलला दोन. पुढच्या वर्षी पत्रकात पट्टीचा रंग लिहा आणि शुक्रवार टाळा, असं आयोजकांना लिहून कळवलं. शटलचं बघतो म्हणाले, शुक्रवारचं उत्तर नाही. खो-खोवालीने मात्र सोमवारी मधल्या सुट्टीत येऊन किंमत विचारली, ‘टीचर, चार नंबरचे बूट केदे?’