वाचनाचा तास की भिलारची ओसरी?

वर्गात वाचनाचा तास असला की पुस्तक रोज हाताला लागतं, अडलेला शब्द बाईंना लगेच विचारता येतो. पण घंटा झाली की गोष्ट अर्धीच राहते.

सुट्टीत घंटाच नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. तिथल्या कितीतरी घरांत पुस्तकं मांडलेली आहेत. माझी चौथीतली भाची तिथे एका ओसरीवर पालथी पडून, ओळीखाली बोट सरकवत, दोन तास हलली नाही! भूकसुद्धा विसरली.

तरी भिलारला जाणं वर्षातून एकदाच होतं. सवय लावायला मला वर्गच मोठा वाटतो. फक्त परीक्षा संपल्यावर पुस्तकपेटीला कुलूप नको, प्रत्येकाला दोन-दोन पुस्तकं घरी द्यावीत. फाटली तर चिकटवता येतात.