इम्प्लांटचे अबटमेंट: टायटॅनियम, झिरकोनिया, हायब्रिड आणि ओतीव धातू, दीर्घ वापरानंतरचा अनुभव

अबटमेंट म्हणजे हाडातल्या इम्प्लांटवर स्क्रूने बसणारा आणि वर दाताची कॅप धरणारा जोडतुकडा. कॅप बसवली त्या दिवशीच्या फोटोत सगळेच अबटमेंट गुणी दिसतात. फरक कळायला लागतो तो पहिल्या-दुसऱ्या फेरतपासणीपासून. हिरडीच्या कडेला करडी झाक येते, चावताना कॅप किंचित हलते, प्रोब (हिरडीची खोली मोजायची बारीक सळई) फिरवला की रक्त येतं. इथे चार प्रकारांबद्दल लिहितो आहोत: टायटॅनियम, अख्खं झिरकोनिया (पांढरी सिरॅमिक), टायटॅनियमच्या बेसवर चिकटवलेलं झिरकोनिया म्हणजे हायब्रिड, आणि ओतीव धातू. पीईईके या प्लास्टिकचे अबटमेंट तात्पुरत्या कॅपपुरते असतात, म्हणून ते यात धरलेले नाहीत.

निवड करताना आम्ही एकच कसोटी लावतो. इम्प्लांट हाडात रुजलेला असतो, तो बदलता येत नाही. अबटमेंट आणि स्क्रू बदलता येतात. तेव्हा झिजायचं किंवा मोडायचंच असेल, तर ते बदलता येणाऱ्या भागाने. या कसोटीवर अख्खं झिरकोनिया नापास होतं, आणि दिसायला तेच सगळ्यात सुंदर असल्यामुळे हे लोकांना पटायला वेळ लागतो.

झिरकोनिया टायटॅनियमपेक्षा बरंच कठीण. ताठपणाही जवळपास दुप्पट: टायटॅनियमचा लवचिकता गुणांक साधारण ११० गिगापास्कल, झिरकोनियाचा २०० ते २१०. चावताना जोडात जी सूक्ष्म हालचाल होते, तिने झिरकोनिया झिजत नाही, इम्प्लांटच्या आतली टायटॅनियमची बैठक झिजते. अबटमेंट काढल्यावर आत काळसर भुकटी दिसते ती हीच. बैठक सैल झाली की स्क्रू पुनःपुन्हा ढिला होतो. दुसरी अडचण मोडण्याची. इम्प्लांटच्या आत बसणाऱ्या अबटमेंटच्या षटकोनी टोकाजवळ भिंत अर्धा मिलिमीटरच्या आसपास आली, की स्क्रूचा ताण आणि चावण्याचा जोर तिथेच एकवटतो. तुकडा इम्प्लांटच्या आत अडकला तर तो काढताना बैठकीला ओरखडे जातात. समोरचा एकच दात, जोर कमी, इम्प्लांटचा व्यास पुरेसा, अशा ठिकाणी हे अबटमेंट वर्षानुवर्षं टिकतातही. पण ३.३ मिलिमीटरच्या बारीक इम्प्लांटवर किंवा दाढेत नकोच. आणि खुर्चीजवळ कोरड्या बरने (ड्रिलच्या फिरत्या टोकाने) घासून आकार देणं तर मुळीच नको. उष्णतेने सूक्ष्म तडे जातात, ते महिन्यांनी उघडे पडतात.

टायटॅनियमबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, हीच त्याची प्रशस्ती. बहुतेक अबटमेंट ग्रेड ५ चे, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूचे. मोडण्याची तक्रार विरळा, हिरडी चांगली धरते. उणीव रंगाची: हिरडीची जाडी २ मिलिमीटरपेक्षा कमी असली की आतला करडेपणा बाहेर डोकावतो. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर असलेले अबटमेंट हा करडेपणा बराच कमी करतात, फक्त स्टीलच्या स्केलरने थरावर चरे पडता कामा नयेत.

ओतीव अबटमेंटचा उगम यूसीएलए (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) पद्धतीत, १९८८ च्या सुमाराचा. कोन फार तिरका असेल किंवा वर जागा अपुरी असेल तिथे ते अजूनही उपयोगी पडतं. यंत्रावर घडवलेली बैठक असलेल्या सोन्याच्या मिश्रधातूवर ओतलेलं अबटमेंट नीट बसतं; पूर्ण प्लास्टिकच्या साच्यातून कोबाल्ट-क्रोममध्ये ओतलं तर बैठक खरबरीत राहते आणि फट वाढते. १९९८ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात सोन्याच्या मिश्रधातूभोवती हिरडी नीट चिकटली नाही, टायटॅनियम आणि ॲल्युमिना या सिरॅमिकभोवती चिकटली. माणसांवरच्या पुढच्या तुलनांमध्ये एवढा ठळक फरक दिसला नाही. तरी पर्याय असताना आम्ही ओतीव मागवत नाही.

हायब्रिडवर थोडं सविस्तर, कारण आता समोरच्या दातांसाठी आमची पहिली पसंती हीच. इम्प्लांटला टायटॅनियम भिडतं, हिरडीला झिरकोनिया. सगळा भार मधल्या चिकटवणीवर. ती सुटते ती बहुधा दोन कारणांनी: बेस बुटका किंवा तयारी अर्धवट. उंच कॅपखाली ३ मिलिमीटरचा बेस म्हणजे संकटाला आमंत्रण. जागा असेल तर ५ मिलिमीटर किंवा जास्त घ्या. तयारीत बेसची बैठक आणि स्क्रूची वाट ॲनालॉग (इम्प्लांटची लॅबमधली प्रतिकृती) लावून आणि मेणाने झाकायची, मग ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाने वरचा भाग सँडब्लास्ट करायचा. झिरकोनियाचा आतला पृष्ठभागही, पण कमी दाबाने. दोन्हींवर एमडीपी (झिरकोनिया आणि धातूला धरणारा फॉस्फेट रेणू) असलेला प्रायमर, मग रेझिन सिमेंट, आणि सांध्यावरचं उरलेलं सिमेंट काढून पॉलिश. तोंडात लावून पाहिलेल्या झिरकोनियाला लाळ लागलेली असते. ती फॉस्फरिक ॲसिडने धुऊ नका. त्यातला फॉस्फेट पृष्ठभाग अडवून बसतो आणि प्रायमरला जागाच उरत नाही. पुन्हा हलकं सँडब्लास्ट करा.

कॅप हलते आहे अशी तक्रार आली की स्क्रू ढिला की चिकटवण सुटली, हे आधी ठरवा. वाट उघडून ड्रायव्हर लावा. स्क्रू सहज फिरला तर तो ढिला आहे. स्क्रू पक्का आणि कॅप तरी गोल फिरते, तर सिमेंट सुटलंय. आधीच टॉर्क मारला, म्हणजे ठरावीक जोराने स्क्रू आवळला, तर निदानच हरवतं.

स्क्रूचं गणित सगळ्या प्रकारांना सारखं. बऱ्याच सिस्टिममध्ये ३० ते ३५ न्यूटन सेंटीमीटर, पण काहींत त्याहून कमी, म्हणून त्या सिस्टिमचाच आकडा पाहा. आवळल्यावर पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे दबतात आणि सुरुवातीच्या ताणातला २ ते १० टक्के भाग जातो. दहा मिनिटांनी पुन्हा त्याच टॉर्कने आवळा. लॅबमध्ये वापरलेला स्क्रू तोंडात कायमचा ठेवू नका. दुसऱ्यांदा ढिला झाला तर टॉर्क वाढवू नका. चावण्याचे उंच संपर्क, बैठकीतली फट आणि रात्री दात खाण्याची सवय तपासा. वाट बुजवताना आधी टेफ्लॉनची पट्टी, वर कंपोझिट; नंतर स्क्रूचं डोकं सापडतं.

प्रकार कुठलाही असो, हिरडीखाली राहिलेलं सिमेंट सगळ्यांना बुडवतं. २००९ च्या एका अभ्यासात हिरडीच्या आत एंडोस्कोपने पाहिलं, तेव्हा इम्प्लांटभोवती सूज असलेल्या ८१ टक्के ठिकाणी जादा सिमेंट सापडलं. शक्य तिथे स्क्रूने बसणारी कॅप घ्या. सिमेंट लागणारच असेल तर कड हिरडीखाली १ मिलिमीटरपेक्षा खोल नको. झिरकोनिया हिरडीशी सलोख्याने राहतं म्हणून त्याचा आकार फुगीर करण्याचा मोह होतो. इम्प्लांटपासून वर येणारा कोन ३० अंशांहून जास्त झाला की ब्रश खाली पोहोचत नाही.

कॅप बसवली की लगेच एक समांतर पद्धतीचा एक्सरे काढून ठेवा; पुढची सगळी तुलना त्याच्याशीच. जुनी नोंद नसेल तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणानुसार रक्त किंवा पू, ६ मिलिमीटर किंवा जास्त खोल खिसा आणि ३ मिलिमीटर किंवा जास्त हाड गेलेलं, असं तिन्ही दिसलं तर पेरीइम्प्लांटायटिस (इम्प्लांटभोवतीचं हाड खाणारी सूज) समजतात. सफाईला टायटॅनियमची किंवा प्लास्टिकची टोकं, घरी प्लास्टिक चढवलेल्या तारेचा इंटरडेंटल ब्रश. आम्लयुक्त फ्लोराइड जेल टायटॅनियमच्या पृष्ठभागाला खाते, ती टाळा.

इम्प्लांटची कंपनी, व्यास, अबटमेंटचा भाग क्रमांक, स्क्रूचा प्रकार आणि दिलेला टॉर्क हे सगळं रुग्णाच्या कार्डावर लिहून द्या. वर्षांनंतर स्क्रू काढायची वेळ येते, तेव्हा कुठला ड्रायव्हर लागेल हे एक्सरेवरून ओळखणं फार जिकिरीचं असतं.