पनवेल की वसई-विरार? पन्नास लाखांत घर बघणाऱ्यांसाठी दोन शहरांची पारख

मुंबईत भाड्याने राहणारं कुटुंब पन्नास लाखांच्या आत स्वतःचं घर बघायला निघालं की फिरून फिरून दोन नावांवर येऊन थांबतं. एक हार्बरच्या टोकाचं पनवेल, दुसरं पश्चिम रेल्वेवरचं वसई-विरार. दोन्ही महानगरपालिका तशा तरुण. वसई-विरारची २००९ मधली, पनवेलची २०१६ मधली. दोन्हीकडचे एजंट एकच वाक्य ऐकवतात: दोन वर्षांत दर दुप्पट. ते वाक्य बाजूला ठेवा. निवड दरावर करायची नाही, नोकरीच्या स्टेशनावर आणि इमारतीच्या कागदांवर करायची.

नोकरी बोरिवली ते वांद्रे पट्ट्यात असेल तर वसई-विरार घ्या. वाशी, बेलापूर, ठाणे, तळोजा किंवा उरणच्या बंदराकडे असेल तर पनवेल. दोन्हीकडून सारखाच वेळ लागत असेल तर आमचं मत पनवेलच्या बाजूने आहे. कारण तिथे सिडकोने (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) आखलेल्या सेक्टरात कागद तपासणं त्यातल्या त्यात सोपं जातं.

आधी लोकल. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. फास्ट गाडी दीड तासाच्या आत पोहोचवते, स्लोला पावणेदोन तास धरा. पनवेल ते सीएसएमटी अंतर कमी, ४९ किलोमीटर, तरी ऐंशी मिनिटं लागतात. हार्बरला वेगळा फास्ट मार्ग नाही, गाडी एकेक स्टेशन घेत जाते. पण गाडी पनवेललाच सुटते, त्यामुळे सकाळी बसायला मिळतं. विरारलाही मिळतं. नालासोपारा आणि वसईला मात्र गाडी भरलेली येते, म्हणून तिथली बरीच मंडळी आधी उलट दिशेने विरारला जाऊन गाडी धरतात. नालासोपाऱ्यात घर बघत असाल तर ही वाढीव पंधरा-वीस मिनिटं आणि विरारपासूनचा पास हिशेबात घ्या. पनवेलहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरची थेट गाडी आहे. अंधेरी-गोरेगावला थेट गाड्या मोजक्याच, एरवी वडाळ्याला गाडी बदलायची. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर कारला एका फेरीचे २५० रुपये लागतात. रोजच्या नोकरीसाठी तो मार्ग पगारदार माणसाला परवडणारा नाही.

आता कागद. इथे चूक झाली तर घरच जातं, म्हणून सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा.

नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी भागात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीला त्या पाडायचं काम पुरं झालं. राहणाऱ्यांनी पैसे मोजले होते, घरात वीज होती, तरी घर वाचलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला एक अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. वीजमीटर, घरपट्टीची पावती, आधारवरचा पत्ता यांतल्या कशानेही इमारत अधिकृत होत नाही, हे घर बघायला निघालेल्या प्रत्येकाने आधी मनाशी पक्कं करावं.

अशी इमारत ओळखायच्या खुणा ठरलेल्या असतात. विकणारा म्हणतो, 'रजिस्ट्रेशन नको, नोटरी करू.' राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळत नाही, एखाद्या पतपेढीचं मात्र तयार असतं. घरपट्टीच्या बिलात 'शास्ती' नावाची रक्कम लावलेली असते. तो अनधिकृत बांधकामावरचा दंड. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, चार मजल्यांची, उभे मात्र सात. सीसी खरीच असते, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. ज्या मजल्यावर तुमचं घर आहे तो मजला त्या कागदावर आहे का, एवढं स्वतः मोजून बघा.

तपासायचा क्रम असा ठेवा. सातबारावरून सर्व्हे नंबर घ्या आणि महापालिकेच्या नगररचना विभागात त्या नंबरचा झोन दाखला मागा. जागेवर शाळा, रस्ता, उद्यान असं काही आरक्षण असेल तर तिथेच कळतं. मग सीसी आणि ओसी, म्हणजे इमारत पुरी झाल्यावर मिळणारा राहण्याचा दाखला. बिल्डरने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख टिपून घ्या आणि त्याच विभागात पडताळून बघा, कारण बनावट शिक्क्यांची प्रकरणं या पट्ट्यात झाली आहेत. नवी इमारत असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून विंग आणि मंजूर मजले जुळवा. शेवटी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी.

पनवेलमध्ये गुंता वेगळ्या जातीचा आहे. नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर इथली सिडकोची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे. त्यामुळे जुनं घर विकत घेताना हस्तांतरासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. ते कोण भरणार हे व्यवहारातच लिहून घ्या. करंजाड्यासारख्या ठिकाणी साडेबारा टक्के योजनेतले, म्हणजे जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना सिडकोने परत दिलेले भूखंड बरेच आहेत. तिथे मूळ प्रकल्पग्रस्तापासून बिल्डरपर्यंतची साखळी पूर्ण हवी, मधला एक करार नसला तरी काम अडतं. गावठाणातल्या स्वस्त इमारतींचं दुखणं नालासोपाऱ्यासारखंच, त्यांच्या वाटेला जाऊ नका. शहराबाहेर नैना क्षेत्रात, म्हणजे विमानतळाभोवतीच्या नियोजित पट्ट्यात, नकाशावर रुंद रस्ते दिसतात. प्रत्यक्ष जागेवर कधी शेताचा बांध असतो. घरापर्यंत जाणारा रस्ता आज पायाखाली आहे का, ते बघा.

पनवेलची आणखी एक मेख घरपट्टीची. महापालिका झाल्यावर सिडको वसाहतींना १ ऑक्टोबर २०१६ पासूनची बिलं आली. सिडकोला सेवाशुल्क भरलंय, मग परत कशाला, म्हणून अनेकांनी ती भरली नाहीत. जुनं घर घेताना ही थकबाकी विचारली नाही तर ती तुमच्या गळ्यात पडते.

पाण्याचा त्रास दोन्हीकडे आहे, पण सुधारणा वसई-विरारमध्ये जास्त झाली. सूर्या प्रादेशिक योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची, त्यातले १८५ वसई-विरारच्या वाट्याचे. तरी शहराला पाणी आलं म्हणजे तुमच्या इमारतीला आलंच असं नाही, ओसी नसलेल्या इमारतीला अधिकृत जोडणी मिळणं कठीण असतं. जुन्या पनवेलची भिस्त देहरंग धरणावर, त्यात गाळ साठलाय आणि एप्रिल-मेमध्ये ते तळाला जातं. खारघरच्या काही सेक्टरांत उन्हाळ्यात टँकर फिरतातच. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मे महिन्याचं टँकरचं बिल मागा. आकडा दिसला की एजंटने काय सांगितलं होतं ते विचारायची गरज राहत नाही.

पावसात वसई आणि नालासोपाऱ्याचे सखल भाग तुंबतात, कारण पाणी जिरवणारी मिठागरं आणि खाजण जमीन भरली गेली. पनवेलला गाढी नदीकाठ आणि कळंबोली जपून. कळंबोली, नावडे, खारघरच्या तळोजा एमआयडीसीकडच्या बाजूला रात्री रासायनिक वास येतो. घर रविवारी दुपारी दाखवतात, तुम्ही रात्री अकराला परत जाऊन उभे राहा.

दराचा हिशेब नेहमी कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर करा. समजा एजंट ६५० चौरस फूट 'सेलेबल' (जिना, लॉबी वगैरे धरून फुगवलेलं क्षेत्र) म्हणतो आणि ६,५०० चा दर सांगतो. किंमत ४२ लाख २५ हजार. करारात कार्पेट ४२० निघालं तर खरा दर फुटाला १०,०६० च्या आसपास. शेजारचा बिल्डर कार्पेटवर ९,५०० म्हणतो तेव्हा तो महाग वाटतो, असतो स्वस्त. वर मुद्रांक शुल्क ६ ते ७ टक्के, महिलेच्या एकटीच्या नावावर १ टक्का कमी. नोंदणी जास्तीत जास्त ३० हजार. ओसी नसलेल्या नव्या घराला जीएसटी ५ टक्के. ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ६० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का. मात्र त्या ४५ लाखांत पार्किंगसारखे इतर आकारही धरले जातात. ४४ लाखांच्या घराला दोन लाखांचं पार्किंग जोडलं की सवलत गेली. ओसी मिळाल्यावर घेतलेल्या घराला जीएसटी नाही.

विमानतळ, मेट्रो, विरारच्या वाढीव रेल्वेमार्गिका यांच्या नावाने जास्त पैसे मोजू नका. नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू आहे, त्याचा दर पनवेलमध्ये आधीच लागलेला आहे. त्या परिसरातल्या उंच इमारतीला विमानतळ प्राधिकरणाची उंचीची परवानगी लागते. वरच्या मजल्यावरचं घर असेल तर ती बघायला मागा.

टोकन देताना पावतीवर दोन ओळी लिहून घ्या: कागद तपासणीत दोष निघाल्यास अमुक दिवसांत पूर्ण रक्कम परत. महारेरातल्या प्रकल्पात करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. बिल्डर वीस टक्के मागत असेल तर पैसे खिशात ठेवा आणि आधी कराराची तारीख मागा.