माहिमचा बुधवार : नोव्हेनाला जावं का?

देवळाला (आम्ही वसईचे ख्रिश्चन चर्चला देऊळच म्हणतो) स्टार कसले द्यायचे, पण हल्ली लोक वडापाव खायलाही रिव्ह्यू वाचून जातात आणि "माहिमला बुधवारी जाऊ का गं" असं मला इतक्या जणी विचारतात (त्यात निम्म्या तरी हिंदू) की म्हटलं एकदाच लिहून टाकावं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी. माहिमचं सेंट मायकल चर्च, एल. जे. रोड संपून कॉजवे सुरू होतो तिथंच. जागा पोर्तुगीजांच्या काळातली, सोळाव्या शतकातली, पण आत्ताची बिल्डिंग १९७३ ची, त्यामुळे जुनं दगडी बांधकाम बघायचं असेल तर सरळ आमच्या वसईला या. इथं गर्दी होते ती बुधवारची. १९४८ च्या सप्टेंबरात नोव्हेना, म्हणजे मरियामातेकडं नऊ वेळा करायची प्रार्थना, सुरू झाली आणि तेव्हापासून बुधवार म्हणजे माहिम हे मुंबईत ठरूनच गेलंय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक प्रार्थना चालू असतात, इंग्रजी, मराठी, हिंदी, कोकणी, आणि लागोपाठ नऊ बुधवार करायचे अशी पद्धत.

मी जायला लागले ते ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा. आधीचे पगार थकलेले, घराचा हप्ता डोक्यावर, मुलीचं बारावीचं वर्ष, आणि हे दिवसभर गॅलरीत बसून फोन बघायचे, बोलणं जवळजवळ बंदच. आता आमच्या घरापासून देऊळ दोन मिनिटांवर, मग एवढ्या लांब कशाला असं सासूबाईंनी विचारलंच. पण खरं सांगू का, गावच्या देवळात सगळे ओळखीचे. डोळे पुसलेले दिसले की मिस्सा (देवळातली उपासना) संपायच्या आत बातमी बाजारापर्यंत. माहिमला तुम्हाला कोणी ओळखत नाही, शेजारची बाई तिच्या दुःखात, तुम्ही तुमच्या. रडा हवं तेवढं.

मला तिथली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पत्रं. लोक आपली मागणी चिठ्ठीवर लिहून देतात, आभाराची पण पत्रं असतात, आणि त्यातली काही प्रार्थनेत वाचून दाखवतात. नाव नाही गाव नाही. कोणाला मूल हवंय, कोणाचा मुलगा दारूत गेलाय, कोणाचं व्हिसाचं काम अडकलंय, कोणाचा कॅन्सरचा रिपोर्ट यायचाय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपलं दुःख कमी झालं असं नाही हं, ते तेवढंच राहिलं, पण सगळ्या मुंबईत फक्त आपल्याच घरावर वीज पडलीय असं जे वाटत होतं ना ते गेलं. अनोळखी माणसाच्या चिठ्ठीसाठी अख्खं देऊळ एका आवाजात प्रार्थना करतं, त्यात आपलीही कुठंतरी असते.

आणि आतलं मरियामातेचं चित्र नीट बघा, घाई करू नका. सदा साहाय्य करणारी माता म्हणतात तिला. मूळ चित्र रोमला आहे, ही प्रत. बाळ येशूनं आईचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरलाय आणि एका पायातली चप्पल सुटून लोंबतेय. का, तर दोन बाजूंना देवदूत आहेत, त्यांच्या हातात क्रूस, भाला, म्हणजे पुढं काय होणार ते त्या पोराला दिसलंय आणि ते घाबरून आईकडं पळालंय. आईनं त्याला धरलंय पण बघतेय ती आपल्याकडं. क्रूस काही तिनं चित्रातून काढून टाकलेला नाही. मला तरी जो काय धीर मिळाला तो त्या लोंबत्या चपलेतून मिळाला, प्रवचनातून कमी.

म्हणूनच ते "नऊ बुधवार करा आणि काम फत्ते" टाइप व्हॉट्सअॅप फॉरवर्ड येतात ना ते मला अजिबात पटत नाहीत, देवाला काय हप्ते बांधून दिलेत का. ह्यांना नऊ बुधवारांत नोकरी लागली नाही. नंतर लागली, पगार आधीपेक्षा कमी. पण मधल्या काळात आठवड्यात एक दिवस असा होता की घरातून बाहेर पडायला कारण होतं, पुढं हे पण यायला लागले, आणि परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही दोघं परत बोलायला लागलो. मी ह्यालाच उत्तर मानते, तुम्ही नका मानू हवं तर.

बाहेरचे स्टॉल : मेणबत्त्या, फुलं, मेणाचे हात, पाय, बाळ, घर (जी मागणी असेल त्या आकाराचं वाहायचं). मेणाचं घर घेणारे जास्त दिसतात, मुंबई आहे शेवटी. भाव आधी विचारा, मला एकानं सुट्ट्याच्या नावाखाली दोन मेणबत्त्या जास्तीच्या गळ्यात मारल्या. काही न घेता गेलात तरी कोणी अडवत नाही. चप्पल काढायची गरज नाही, ख्रिश्चन आहात का असंही मला कधी कोणी कोणाला विचारताना दिसलं नाही.

गाडी आणू नका, बुधवारी त्या रस्त्याला पार्किंग शोधणं म्हणजे वेगळी नोव्हेना करावी लागेल. माहिम स्टेशनला वेस्टला उतरून चालत या. म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणार असाल तर ऑफिस सुटायच्या वेळा टाळा, दुपारी त्यातल्या त्यात बसायला मिळतं. मराठीतली प्रार्थना कधी असते ते आधी विचारून घ्या, वेळ चुकली तर इंग्रजीला बसावं लागेल, पण गाणी दोन-तीनदा ऐकली की येतात म्हणायला.