गॅस गिझर पेटत नाही: दुरुस्त करायचा की इलेक्ट्रिक बसवायचा?

गेल्या थंडीत साताऱ्यात आमच्या गोडोलीच्या घरचा गॅस गिझर पेटेनासा झाला आणि नवा इलेक्ट्रिक घ्यायचं जवळजवळ ठरलंच. दोष निघाला तो पाणी आत येतं तिथल्या छोट्या जाळीत बसलेल्या गाळाचा. म्हणून आधी एवढंच करा: नळ सोडा आणि कान द्या.

ठिणगीचा टक-टक आवाजच येत नसेल तर गॅसचा दोष नाही. दीड-दीड व्होल्टचे दोन मोठे सेल उतरलेले असतात, नाहीतर पाण्याला जोर नसतो. पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा ढकलला जातो, त्यानं स्विच दाबला जातो आणि मगच ठिणगी पडते. सेल बदला, जाळी धुवा. तरीही आवाज नाही तर गच्चीवरच्या टाकीकडे बघा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार. टाकी गिझरच्या दोनच मीटर वर असेल तर जेमतेम 0.2 बार. वरच्या मजल्यावर कितीतरी चांगले गिझर याच कारणानं बिघडलेले ठरतात. अशा ठिकाणी दुरुस्तीवर पैसे घालू नका. टाकी उंच करा, पंप लावा किंवा सरळ इलेक्ट्रिक घ्या.

टक-टक होते पण ज्योत नाही, तर सिलिंडर, रेग्युलेटर आणि कॉक तपासा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीतली हवा जाईपर्यंत दोन-तीनदा नळ उघडबंद करावा लागतो. ज्योत येऊन लगेच विझते, तेव्हा ज्योत ओळखणाऱ्या कांडीवर काजळी असते किंवा सेल अशक्त असतात. बऱ्याच मॉडेलमध्ये वीस मिनिटांनी गिझर आपोआप बंद होतो, तो मात्र बिघाड नव्हे. आतली तांब्याची नळी गळायला लागली असेल तर मी दुरुस्तीच्या भानगडीत पडणार नाही.

गॅसचा वास आला तर यातलं काहीच करायचं नाही. सिलिंडर बंद, खिडक्या उघड्या, बटणांना हात नाही, आणि बाहेर येऊन 1906 वर फोन.

आता खर्च. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला जवळपास अर्धं युनिट वीज लागते. गॅसवर 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये अशा अंदाजे तीनशे बादल्या होतात. तुमच्या सिलिंडरच्या भावाला तीनशेनं भागा आणि शेजारी युनिटचा अर्धा दर मांडा. दर धरताना महावितरणच्या बिलातला शेवटचा टप्पा धरा, कारण गिझरची युनिटं वरच्या टप्प्यात जाऊन पडतात. शंभर आणि तीनशे युनिटांच्या पुढे दर चढतो, हे लोक विसरतात.

सोयीत गॅसची बाजू जड आहे. वीज गेली तरी टाकीत पाणी असेल तोवर तो चालतो, आणि चार माणसांच्या आंघोळी पाठोपाठ उरकतात. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा इलेक्ट्रिक गिझर वीस अंशांचं पाणी पंचावन्नपर्यंत न्यायला वीसेक मिनिटं घेतो; त्यात गार पाणी मिसळून सव्वा बादली होते. पुढच्याला थांबावं लागतं. शिवाय 16 अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवंच. पेठेतल्या जुन्या घरात वायरिंगचा खर्चही किमतीत धरा. बोअरचं पाणी असेल तर क्षार दोन्हींना छळतात. सोलर उन्हाळ्या-हिवाळ्यात उत्तम, पण इथल्या पावसाळ्यात त्याला जोड लागतेच.

एका ठिकाणी मात्र हिशेब मांडायचाच नाही. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल आणि हवा खेळती नसेल, तर तो चालू असो वा बंद, काढून टाका. ज्योत हवेतला ऑक्सिजन खाते आणि तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. आत असलेल्या माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. ‘दार किलकिलं ठेवतो की’ असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, मुलं आणि म्हातारी माणसं कडी लावतातच.

आमच्याकडे खालच्या मजल्यावरचा गिझर बाहेर, बोळात आहे आणि पाण्याला जोर आहे. तिथे जाळी धुऊन, सेल बदलून तोच ठेवला. वर आईच्या बाथरूमला खिडकी नाही, तिथे पंधरा लिटरचा इलेक्ट्रिक बसवला.